पहारेकरीच वाट अडवतो तेव्हा
अँटिव्हायरस आणि सरकारी संकेतस्थळांचे अडलेले काम

मुंबई-गोवा महामार्गावरील इंदापूर येथून पश्चिमेकडे वळले म्हणजे तळा लागते. माथ्यावर तळगड, पुढे राजपुरी खाडीच्या बाजूस कुड्याची बौद्ध लेणी आणि मधल्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्या, असा हा प्रदेश आहे. पूर्वी माणगाव तालुक्यात मोडणारा हा भाग आता स्वतंत्र तालुका आहे. येथील पंचायतींचे व शाळांचे दप्तर राज्यातील इतर भागांप्रमाणेच हळूहळू कपाटातून संगणकात गेले आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘संग्राम’ प्रकल्पाने ग्रामपंचायतीच्या टेबलावर संगणक आणला. पुढे त्याची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रा’ने घेतली. २४ एप्रिल २०२० रोजी ‘ई-ग्रामस्वराज’ हे संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हापासून आराखडा, जमाखर्च आणि वित्त आयोगाच्या निधीतील देयके यांचा प्रवास त्याच मार्गाने होतो. शाळांची वार्षिक माहिती ‘यू-डायस प्लस’वर भरावी लागते. सातबारा उतारा अंकीय स्वाक्षरीसह संगणकावरच मिळतो.

अशा व्यवस्थेत संकेतस्थळ न उघडणे ही किरकोळ गैरसोय राहत नाही. पंचायतीच्या देयकाला दोन अंकीय स्वाक्षऱ्या लागतात. साधारणतः पहिली ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, म्हणजे ज्यांना गाव आजही ग्रामसेवक म्हणूनच ओळखते त्यांची, आणि दुसरी सरपंचांची असते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात यांपैकी एक स्वाक्षरी उमटली नाही, तर नळपाणी योजनेच्या दुरुस्तीची रक्कम अडते. दाखला वेळेत निघाला नाही तर विद्यार्थ्याचा प्रवेश अडतो. आणि पुष्कळदा असे आढळते की महाजालाची जोडणी ठीक आहे, दिल्ली-मुंबईकडील यंत्रणाही सुरू आहे. वाट अडवून बसला आहे तो संगणकाच्या रक्षणासाठी बसवलेला अँटिव्हायरस.

हा पहारेकरी असे का करतो, तो खरोखरच दोषी आहे की नाही हे कसे ओळखावे आणि त्याला घराबाहेर न काढता काम कसे करून घ्यावे, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण अशा वेळी सर्वांत सोपा वाटणारा उपाय, म्हणजे अँटिव्हायरस कायमचा बंद करणे, हाच सर्वांत महाग पडण्याचा संभव असतो. ज्या संगणकावरून पंचायतीचा निधी वळता होतो, तो संगणक उघडा ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली दारालाच अडकवून ठेवणे होय.

लाखेचे सील आणि मधला वाचक

अँटिव्हायरसचे मूळ काम फाइली तपासण्याचे होते. विषाणू फ्लॉपीवरून येत, त्या काळी संगणकात शिरणारी प्रत्येक फाइल ज्ञात विषाणूंच्या यादीशी ताडून पाहणे पुरेसे असे. महाराष्ट्राचे या क्षेत्राशी जवळचे नाते आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले पुण्याचे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९०च्या दशकात विषाणूरोधक आज्ञावली तयार केली. त्यांच्या कंपनीने २००७ मध्ये ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ हे नाव घेतले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग बाजारात आले.

पुढे धोका फ्लॉपीवरून संकेतस्थळांवर सरकला आणि अँटिव्हायरसलाही ब्राउझरच्या दारात येऊन उभे राहावे लागले. तेथे त्याची गाठ पडली ती सांकेतिक संदेशवहनाशी. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे असली की ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातील मजकूर कुलूपबंद असतो. जुलै २०१८ पासून क्रोम हा ब्राउझर असे कुलूप नसलेल्या प्रत्येक संकेतस्थळावर ‘असुरक्षित’ असा शेरा मारू लागला. आज सरकारी असोत वा खाजगी, बहुतेक सर्व संकेतस्थळे कुलूपबंद आहेत.

कुलूपबंद मजकूर पाहता येत नाही आणि पाहिल्याशिवाय तपासता येत नाही. या पेचातून काही अँटिव्हायरस कंपन्यांनी जो मार्ग काढला, तो टपालाच्या उपमेने चटकन समजेल. लाखेचे सील लावलेला लखोटा कचेरीत येतो. दारातील पहारेकरी तो फोडतो, आतील कागद वाचतो, पुन्हा नव्या लखोट्यात घालतो, त्यावर स्वतःचे सील लावतो आणि मग टेबलावर पाठवतो. हे सील ओळखीचे आहे, ते चालवून घ्यावे, असे कचेरीला आधीच सांगून ठेवलेले असते. संगणकाच्या भाषेत या सिलाला प्रमाणपत्र म्हणतात. अँटिव्हायरस बसवताना तो आपले मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासू यादीत घालून ठेवतो, ते याच कारणासाठी.

यात दोष शिरण्याच्या जागा उघड आहेत. सील विश्वासू यादीत गेलेच नाही, त्याची मुदत संपली, अँटिव्हायरस अर्धवट काढला गेला, किंवा ब्राउझर विंडोजची यादी न पाहता स्वतःची निराळी यादी पाहत असला, तर ब्राउझर ते सील नाकारतो. मग पडद्यावर ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असा इशारा येतो. ब्राउझरच्या दृष्टीने तो अगदी योग्यच आहे, कारण लखोटा मध्येच कोणीतरी फोडला आहे ही गोष्ट खरी असते.

फायरफॉक्स हा ब्राउझर दीर्घकाळ केवळ स्वतःच्याच यादीवर विसंबून होता. त्याची ६५वी आवृत्ती २०१९च्या आरंभी निघाली, तेव्हा अव्हास्ट आणि एव्हीजी हे अँटिव्हायरस असलेल्या विंडोज संगणकांवर संकेतस्थळे उघडेनाशी झाली. मोझिलाला त्या आवृत्तीचे आपोआप होणारे वितरण थांबवावे लागले आणि अव्हास्टला फायरफॉक्सपुरती ही तपासणी बंद करावी लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या ६८व्या आवृत्तीत अशी अडचण आढळल्यास विंडोजची यादीही विचारात घेण्याची सोय करण्यात आली. जुना फायरफॉक्स तसाच चालू ठेवणाऱ्या कार्यालयांना हा तपशील उपयोगी पडावा.

लखोटा फोडून वाचण्याची ही पद्धत मुळात हितकारक आहे काय, याविषयी तज्ज्ञांत शंका आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिशिगन विद्यापीठ, गूगल, मोझिला, क्लाउडफ्लेअर आदी संस्थांतील संशोधकांनी जवळजवळ आठ अब्ज जोडण्या तपासल्या. मध्ये फोडल्या गेलेल्या पुष्कळ जोडण्या मूळच्या जोडणीपेक्षा कमकुवत झाल्या होत्या, असे त्यांना दिसून आले. पहारेकऱ्याचे स्वतःचे कुलूप ब्राउझरच्या कुलपाइतके भक्कम नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय मधल्या वाचकाला सर्व दिसते, हेही विसरून चालत नाही. अव्हास्टने ग्राहकांच्या संकेतस्थळ-भेटींची माहिती आपल्या एका उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. विंडोजसोबत येणारा ‘डिफेंडर’ लखोटे फोडून स्वतःचे सील लावण्याच्या मार्गाने सहसा जात नाही. पंचायतीच्या साध्या कामासाठी तो अद्ययावत ठेवला तर बहुधा पुरतो.

दोष कोणाचा, हे ठरवण्याचा क्रम

कोकणातील कार्यालयात जाणकार तंत्रज्ञ दरवेळी हाताशी असतोच असे नाही. त्यामुळे निदानाचा पहिला भाग तेथील माणसालाच करावा लागतो, आणि तो फारसा कठीणही नाही. अँटिव्हायरसला हात लावण्यापूर्वी इतर संशयित दूर करावेत, हे त्यातील मुख्य सूत्र आहे.

प्रथम तेच संकेतस्थळ भ्रमणध्वनीवर, कार्यालयाच्या जोडणीशी न जोडता, उघडून पाहावे. तेथेही ते उघडत नसेल तर दोष पलीकडचा आहे. शेवटच्या तारखेस राज्यभरातील सर्वजण एकाच दारात उभे राहिले म्हणजे असे होणारच. त्यावर थांबण्यावाचून उपाय नाही.

भ्रमणध्वनीवर उघडले, तर संगणकाचे घड्याळ पाहावे. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण जुन्या संगणकांच्या बाबतीत निम्मा गोंधळ येथेच मिटण्यासारखा असतो. प्रत्येक प्रमाणपत्राला आरंभाची व अखेरीची तारीख असते. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणारी मुख्य फलकावरील नाण्याएवढी बॅटरी संपली, की वीज गेल्यानंतर संगणक कित्येक वर्षे मागच्या तारखेवर जाऊन बसतो आणि आजचे प्रमाणपत्र त्याला ‘अद्याप सुरू न झालेले’ वाटते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या दक्षिण भागात वीज दीर्घकाळ खंडित झाली होती. तेवढी मोठी आपत्ती नसली तरी पावसाळ्यातील नेहमीचा लपंडाव या बॅटरीचा कस पाहण्यास पुरेसा आहे. तारीख दुरुस्त करून काम भागत असेल, तर बॅटरी बदलावी आणि अँटिव्हायरसला दोष देऊ नये.

तारीखही ठीक असेल, तर दुसरा ब्राउझर उघडावा. एका ब्राउझरमध्ये संकेतस्थळ उघडते आणि दुसऱ्यात नाही, असे असल्यास सिलांच्या यादीचा किंवा ब्राउझरला जोडलेल्या एखाद्या पूरक आज्ञावलीचा संशय घ्यावा. अँटिव्हायरस आपली अशी पूरक आज्ञावली अनेकदा न विचारताच ब्राउझरमध्ये घालतो. क्रोममधील ‘इन्कॉग्निटो’ खिडकीत या पूरक गोष्टी सहसा बंद असतात. त्या खिडकीत पान नीट उघडले, तर गुन्हेगार बहुतांशी सापडलाच.

यानंतरची चाचणी सर्वांत निर्णायक आहे. पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाशी असलेल्या चिन्हावर, किंवा इशाऱ्याच्या वेळी तेथे दिसणाऱ्या ‘नॉट सिक्युअर’ या शब्दांवर, टिचकी मारून प्रमाणपत्र उघडावे आणि ‘इश्यूड बाय’, म्हणजे ते कोणी दिले, ही ओळ वाचावी. तेथे अँटिव्हायरस कंपनीचे नाव दिसले, तर लखोटा तिने फोडला आहे हे सिद्ध झाले. सर्वमान्य प्रमाणन संस्थेचे नाव असेल, तर लखोट्याला कोणी हात लावलेला नाही आणि अडचण दुसरीकडे आहे. मात्र तेथे भलतेच अपरिचित नाव आढळले तर काम त्याच क्षणी थांबवावे. फेब्रुवारी २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही नव्या संगणकांत ‘सुपरफिश’ नावाची जाहिरात दाखवणारी आज्ञावली उघडकीस आली. तीही हेच तंत्र वापरून बँकेच्या पानांसह सर्व लखोटे फोडत होती. पहारेकऱ्याच्या गणवेशात चोर असू शकतो, हे त्या प्रकरणाने जगाला दाखवले.

अधिकृत सीलसुद्धा चुकीच्या हाती पडू शकते, याचे उदाहरण आपल्याच देशातील आहे. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या असे लक्षात आले की तिच्या काही संकेतस्थळांच्या नावे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेकडून अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली आहेत. भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांनी दुसऱ्याच दिवशी त्या यंत्रणेची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली आणि ब्राउझर कंपन्यांनीही आपले निर्बंध कडक केले. इशारा दिसताच डोळे मिटून ‘प्रोसीड’वर टिचकी मारण्याची जी सवय अनेक कार्यालयांत रूढ झाली आहे, ती का घातक आहे हे यावरून ध्यानात यावे. काही संकेतस्थळांवर पुढे जाण्याची ही वाट दाखवलीच जात नाही. ती ब्राउझरमधील उणीव नसून जाणूनबुजून केलेली योजना आहे.

पहारेकऱ्याला काय सांगावे

संशय अँटिव्हायरसवरच स्थिर झाला, तर त्याला दहा मिनिटांसाठी विराम द्यावा. ही सोय बहुतेक सर्व अँटिव्हायरसमध्ये असते. त्या दहा मिनिटांत फक्त अडलेले, ओळखीचे संकेतस्थळ उघडून पाहावे. ईमेल उघडू नये आणि पेन ड्राइव्हही लावू नये. पान उघडले तर निदान पक्के झाले असे समजून रक्षण लगेच पूर्ववत करावे. विराम ही चाचणी आहे, उपाय नव्हे. हा भेद न पाळल्यामुळेच दहा मिनिटांचा विराम पुढे वर्षभर चालू राहतो.

उपाय लहानात लहान असावा. संपूर्ण अँटिव्हायरस एका बाजूस ठेवून त्याच्या ‘वेब प्रोटेक्शन’ किंवा ‘ब्राउझिंग प्रोटेक्शन’ या विभागात जावे. तेथे विशिष्ट संकेतस्थळ वगळण्याची यादी असते. तीत अडलेल्या सरकारी संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता तेवढा घालावा. पत्ता टंकताना एका अक्षराचीही चूक नसावी, कारण सरकारी संकेतस्थळांच्या नावांशी मिळतीजुळती बनावट नावे फसवणुकीसाठी घेतली जातात. अस्सल पत्त्याच्या शेवटी सामान्यतः ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असते. एवढ्याने भागले नाही, तर ‘एचटीटीपीएस स्कॅनिंग’ हा एकच पर्याय बंद करावा. फाइली तपासण्याचे मूळ काम त्यानंतरही चालू राहते आणि विषाणू संगणकात उतरताना पकडला जाण्याची शक्यता कायम राहते.

अंकीय स्वाक्षरीची अडचण मात्र थोडी निराळी आहे आणि पंचायतींना तीच अधिक छळते. स्वाक्षरीची किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते. बोलण्यात सर्वजण त्याला ‘डोंगल’ म्हणतात. संकेतस्थळाला हे टोकन थेट वाचता येत नाही, म्हणून संगणकात एक लहान सहायक आज्ञावली बसवलेली असते. ब्राउझर तिच्याशी १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्याच संगणकाच्या आतल्या आत, बोलतो. बाहेरच्या जगाशी या संभाषणाचा संबंध नसतो. पण एक आज्ञावली दुसरीसाठी गुपचूप दार उघडते आहे असे अँटिव्हायरसच्या अग्निभिंतीला वाटते आणि ती ते दार लावते. काही वेळा सहायक आज्ञावलीची फाइलच संशयित ठरून ‘क्वारंटाइन’मध्ये जाते. (२०२० नंतर या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.) लक्षण ठरलेले असते. संकेतस्थळ व्यवस्थित उघडते, प्रवेशही होतो, केवळ स्वाक्षरीच्या वेळी ‘टोकन सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो, आणि डोंगल दहा वेळा काढून घातला तरी तो जात नाही.

अशा वेळी क्वारंटाइनची यादी प्रथम पाहावी. फाइल तेथे असल्यास ती परत आणण्याची घाई करू नये. ज्या संस्थेने टोकन दिले तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून सहायक आज्ञावलीची नवी प्रत घ्यावी, ती बसवावी आणि तिलाच अग्निभिंतीच्या परवानगीच्या यादीत घालावे. ओळखीच्या माणसाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत कितीही सोयीची असली तरी या कामी वापरू नये. ज्या आज्ञावलीच्या हातून सरपंचांची स्वाक्षरी होणार, तिचे कुळमूळ माहीत असलेच पाहिजे.

एका संगणकात दोन अँटिव्हायरस असणे हेही अडथळ्याचे एक मोठे कारण आहे. जुन्याची मुदत संपली म्हणून नवा घेतला जातो, पण जुना काढला जात नाही. दोन पहारेकरी एकमेकांचीच झडती घेऊ लागतात आणि संगणक रांगू लागतो. जुना काढतानाही केवळ नेहमीच्या पद्धतीने काढून भागत नाही. त्याची जाळ्यातील चाळण आणि कधीकधी ‘प्रॉक्सी’ची नोंद मागे राहते, आणि मग एकही संकेतस्थळ उघडत नाही. बहुतेक कंपन्या आपले अवशेष साफ करण्याचे निराळे साधन विनामूल्य देतात. ते वापरावे आणि विंडोजच्या नेटवर्क विभागातील प्रॉक्सीची जागा कोरी आहे ना, हे पाहावे. प्रॉक्सीची नोंद विषाणूनेही केलेली असू शकते. शंका असल्यास केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावरील विनामूल्य साधनांनी संगणक तपासून घ्यावा.

अँटिव्हायरसच्या चुका गावपातळीवरच होतात असे नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अद्ययावत यादीने विंडोज एक्सपीमधील एक आवश्यक फाइलच विषाणू ठरवली आणि जगभरातील असंख्य संगणक महाजालापासून तुटले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. त्या दिवशी भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. म्हणून काल चालणारे संकेतस्थळ आज सकाळी एकाएकी सर्वच कार्यालयांत अडले, तर शेजारच्या पंचायतीस दूरध्वनी करून पाहावा. तेथेही तोच अँटिव्हायरस आणि तीच तक्रार असेल, तर दोष यादीचा आहे. तो कंपनीला कळवावा. चुकून संशयित ठरलेली स्थळे कळवण्यासाठी कंपन्यांनी स्वतंत्र सोय ठेवलेली असते.

कंपनीचा दूरध्वनी क्रमांक मात्र तिच्या अधिकृत पानावरूनच घ्यावा. ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे, या क्रमांकावर संपर्क साधा’ असे ब्राउझरमध्ये अचानक झळकणारे फलक कोणत्याही अँटिव्हायरसचे नसतात, ते ठकांचे असतात. तेथे फोन केल्यास संगणकाचा ताबा दुसऱ्याच्या हाती जातो. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत रक्कम मार्गातच रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

संगणक फार जुना असल्यास वरील सर्व उपाय तात्पुरते ठरतील. विंडोज ७ चे साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी थांबले आणि २०२३ मध्ये क्रोमनेही त्यासाठी नव्या आवृत्त्या देणे बंद केले. विंडोज १० चे नियमित साहाय्यही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. अशा संगणकावर सरकारी संकेतस्थळ न उघडणे यात अँटिव्हायरसचा वाटा थोडाच असतो, आणि आराखड्यात नव्या संगणकाची तरतूद करणे हा खर्च टाळण्यासारखा नाही.

ज्या कार्यालयात एकच संगणक ग्रामपंचायत अधिकारी, संगणक परिचालक आणि क्वचित शिक्षकही वापरतात, तेथे संगणकाशेजारी एक साधी वही ठेवावी. अँटिव्हायरसमधून कोणते संकेतस्थळ वगळले, कोणत्या दिवशी, कोणाच्या सांगण्यावरून, हे तीत लिहावे. दर तिमाहीस ती यादी वाचावी आणि ज्याची आता गरज नाही ती सूट रद्द करावी. अँटिव्हायरसच्या परवान्याची अखेरची तारीखही त्याच वहीच्या पहिल्या पानावर असावी. ती मार्चमध्ये येत असेल, तर नूतनीकरण फेब्रुवारीतच करून घ्यावे.